अंगठा गरिबाचा, चूक कोणाची?

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात अंगठ्याची एक गोष्ट सांगितली जाते. आजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला आणि तुकडाभर जमीन गेली, ही ती गोष्ट. कागदावर काय लिहिले आहे हे आजोबांना वाचता येत नव्हते आणि वाचून दाखवणारा सावकाराचाच माणूस होता. म्हणूनच पुढच्या पिढीने रात्रशाळेत जाऊन सर्वात आधी काय शिकले असेल तर स्वतःची सही. नगरपालिकेच्या पगारपत्रकावर अंगठ्याऐवजी नाव लिहिताना बापाची छाती कशी फुगायची, हे पाहिलेले लोक आजही हयात आहेत. 'अंगठेबहाद्दर' हा शब्द आपल्याकडे टोमणा झाला तो उगाच नाही.

तो अंगठा आता बँकेच्या दारातून परत आला आहे. या वेळी शाई नाही आणि कागदही नाही. हातात मावेल एवढे यंत्र असते, त्याच्या काचेवर बोट ठेवायचे, लाल दिवा लागतो आणि खात्यातून पैसे निघतात. या पद्धतीला 'आधार सक्षम पेमेंट प्रणाली' म्हणतात. बँक मित्र, ग्राहक सेवा केंद्र, गावातले मोबाईलचे दुकान, अशा ठिकाणी मायक्रो एटीएम म्हणून ती चालते. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढे असले की काम होते. ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही, कार्ड तर नाहीच. एका वेळी १० हजार रुपयांपर्यंत रक्कम काढता येते. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान, रोजगार हमीची मजुरी, महाडीबीटीवरून येणारी शिष्यवृत्ती, जुलै २०२४ पासून सुरू झालेले लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये, हे सगळे पैसे ज्या आधार जोडलेल्या खात्यात येतात, त्याच खात्याचे हे दार आहे. बँकेची शाखा पंधरा-वीस किलोमीटरवर असलेल्या म्हातारीला गावातच पैसे मिळतात. ही सोय खोटी नाही आणि ती बंद करा असे कोणी म्हणत असेल तर त्याने आधी एसटीची वाट पाहत एक दिवस काढावा. प्रश्न सोयीचा नाही. त्या दाराला कुलूप कसले लावले आहे आणि चोरी झाली तर दोष कोणाच्या माथी मारला जातो, हा प्रश्न आहे.

आमच्या वस्तीतल्या एक मावशी काही काळापूर्वी माझ्याकडे पासबुक घेऊन आल्या. आयुष्यभर साफसफाईचे काम केलेल्या, नवऱ्याच्या मागे दोन मुली वाढवलेल्या. पासबुकात तीन ओळी छापून आल्या होत्या. दहा हजार, पुन्हा दहा हजार आणि साडेसात हजार. व्यवहार झाला होता परराज्यातल्या एका गावी. मावशींनी विचारले ते वाक्य अजून कानात आहे. "साहेब, मी त्या गावाला कधी गेलेच नाही. मग माझा अंगठा कसा गेला?" आम्ही दोघे बँकेत गेलो. बँकेचे नाव इथे लिहीत नाही, कारण कोणत्याही बँकेत हेच घडले असते. अधिकाऱ्याने संगणकात पाहिले आणि शांतपणे सांगितले, "अंगठा तुमचाच जुळला आहे, मावशी. मशीन खोटे बोलत नाही. तुम्हीच कोणाला तरी दिला असेल." मावशी गप्प झाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शरम होती. स्वतःचे पैसे चोरीला गेलेल्या बाईला बँकेच्या काउंटरसमोर शरम वाटावी, ही व्यवस्थेची मोठी कमाई म्हटली पाहिजे!

मशीन खोटे बोलत नाही, हे खरे. परंतु खरा अंगठा कोणता आणि त्याची नक्कल कोणती हे मशीनला कितपत कळते, हे त्या अधिकाऱ्याला कोणी शिकवले नव्हते.

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आधारची सुनावणी सुरू होती. त्या वेळचे महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी न्यायालयाला सांगितले होते की, आधारची माहिती तेरा फूट उंच आणि पाच फूट जाड भिंतींआड सुरक्षित आहे. त्यावर देशभर चेष्टा झाली. भिंतीची जाडी मोजून संगणकाची सुरक्षितता ठरत नाही, असे जाणकारांनी सांगितले. पण त्या चेष्टेत खरी गोष्ट बाजूला राहिली. चोरांना ती भिंत फोडण्याची गरजच नव्हती. अंगठा भिंतीच्या आत होता तसा बाहेरही होता.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, जून २०१८ मध्ये, तेलंगणात एक प्रकरण उघडकीस आले. मोबाईलचे दुकान चालवणाऱ्या एका माणसाने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून जमीन खरेदी-विक्रीचे दस्त उतरवून घेतले. त्या दस्तांवर पक्षकारांचे आधार क्रमांक होते आणि अंगठ्याचे ठसेही होते. रबरी शिक्के तयार करण्याच्या साध्या यंत्रावर त्याने त्या ठशांच्या प्रती बनवल्या आणि हजारो सिमकार्डे दुसऱ्यांच्या नावावर चालू केली. सिमकार्ड विक्रीचे उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी त्याने हा उद्योग केला होता. पुढच्यांनी तीच युक्ती बँक खात्यांवर वापरली. हरियाणात आणि पश्चिम बंगालमध्ये दस्तांवरच्या ठशांवरून खाती रिकामी झाल्याचे गुन्हे नोंदले गेले. २०२३ मध्ये तर कोलकाता आणि परिसरात अशा तक्रारींची रांग लागली आणि मग तेथील शासनाला संकेतस्थळावरचे ठसे झाकण्याची जाग आली.

दस्तावर अंगठा आला कुठून? आपल्या लोकांनी हौसेने लावला नव्हता. १९०८ च्या नोंदणी कायद्यात २००१ च्या दुरुस्तीने कलम ३२-अ घालण्यात आले. त्यानुसार स्थावर मालमत्तेच्या दस्तावर पक्षकारांचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे लावणे सक्तीचे झाले. हेतू चांगला होता, बोगस खरेदीखते रोखण्याचा. पण पुढे एका खात्याने ठसा घेतला, दुसऱ्या खात्याने तो दस्त संगणकावर चढवला, तिसऱ्याने त्याच ठशाला बँकेची किल्ली ठरवले. या तिघांनी एकत्र बसून विचार करण्याची तसदी घेतली नाही. किल्ली चौकात टांगली शासनाने आणि चोरी झाल्यावर विचारले जाते घरमालकाला, की तू सावध का नव्हतास?

इथे थोडे इतिहासात जाऊ या, कारण तो आपल्या समजुतीसाठी उपयोगी आहे. कारभारात बोटांचे ठसे वापरण्याची पद्धत साऱ्या जगात गेली ती आपल्याच देशातून. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. का घेतला? हा माणूस उद्या 'मी करार केलाच नाही' असे म्हणू नये म्हणून, त्याच्यावर दडपण यावे म्हणून. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. ठशांची वर्गवारी करण्याचे गणित अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी बसवले आणि नाव झाले त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचे (हा अनुभव आपल्याला नवीन नाही). १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मावरून गुन्हेगार ठरवलेल्या समाजांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार शासनाला दिला. आज ज्यांना आपण भटके-विमुक्त म्हणतो त्यांच्या पणजोबांनी हे ठसे दिले आहेत. ठसा हा पहिल्यापासून गरिबाने 'नाही' म्हणू नये यासाठीच घेतला गेला. बँकेतला अधिकारी मावशींना जे म्हणाला ते हर्शेल साहेबाचेच म्हणणे होते. अंगठा जुळला, आता नाकारू नकोस.

आपल्या महाराष्ट्राचा तर या प्रकरणात मोठाच मान आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार एका आदिवासी महिलेला देण्यात आले. पहिला क्रमांक बंगल्यातल्या माणसाला मिळाला नाही, आदिवासी पाड्यावरच्या बाईला मिळाला. त्याचे कौतुक करायला हरकत नाही. पण नवी यंत्रणा आधी कोणावर चालवून पाहिली जाते, हेही त्यातून दिसते.

कार्ड वापरणाऱ्या शहरी ग्राहकाचे पाहा. २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसऱ्या खात्रीची अट घातली. आधी कार्डाचा तपशील, मग पासवर्ड किंवा ओटीपी. म्हणजे दोन कुलपे. संशय आला तर तो घरबसल्या कार्ड बंद करतो, नवे कार्ड मागवतो, नवा पिन ठरवतो. आधारवरच्या खात्याला मात्र अंगठा हे एकच खरे कुलूप, कारण आधार क्रमांक काही गुपित नाही. तो शाळेच्या अर्जापासून सिमकार्डाच्या दुकानापर्यंत प्रत्येक झेरॉक्सवर पडलेला असतो. आणि पिन बदलता येतो तसा अंगठा बदलता येत नाही. एकदा त्याची प्रत चोराच्या हाती गेली की ती मावशींच्या मरणापर्यंत चालू शकते.

आता उपाय सांगितला जातो, आणि तो उपाय खराही आहे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर किंवा एमआधार या ॲपवर जाऊन आपले बायोमेट्रिक कुलूपबंद करता येते. पैसे लागत नाहीत. कुलूप लावल्यावर तो ठसा कोठेही चालत नाही. ज्यांना अंगठ्याने पैसे काढण्याची गरज नाही अशा आपल्या नोकरदार, निवृत्त, शिक्षक, वकील बांधवांनी हे आजच्या आज करावे. बँकेत अर्ज देऊन आधारवरून पैसे काढण्याची सोयही बंद करून घ्यावी. बहुतेकांना आपल्या खात्यावर ही सोय चालू आहे हेच माहीत नसते. आपण ती मागितलेली नसते. खात्याला आधार जोडले की ती मागाहून आलेली असते.

पण मावशींनी काय करावे? कुलूप लावण्यासाठी आधारला मोबाईल क्रमांक जोडलेला हवा. त्यांचा जोडलेला क्रमांक मोठ्या जावयाचा, तो सिम बंद पडून चार वर्षे झालेली. समजा क्रमांक बदलला आणि कुलूप लावले, तर महिन्याच्या सुरुवातीला रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्राला तोच अंगठा लागतो. तिथे बोट चालत नाही म्हणून दुकानदार परत पाठवतो. तात्पुरते कुलूप उघडण्याची सोय आहे, पण ती फोनवर, काही मिनिटांपुरती, आणि दुकानासमोर रांग चाळीस बायांची. कुलूप लावले तर गहू-तांदळाची अडचण, उघडे ठेवले तर खात्याची भीती. ज्याला अंगठ्याची गरज नाही त्यालाच तो सुरक्षित ठेवता येतो आणि ज्याचे पोट अंगठ्यावर आहे त्याला तो उघडा ठेवावा लागतो. संगणक सुरक्षिततेचा प्रश्न सर्वांना सारखाच आहे असे सांगणाऱ्या तज्ज्ञांनी या एका गोष्टीचे उत्तर द्यावे.

२६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली, पण शासकीय लाभासाठी आधारची अट कायम ठेवली. कागदावर हे संतुलन शोभून दिसते. प्रत्यक्षात ज्याला शासनाकडून काही घ्यायचे नाही तो सक्तीतून सुटला आणि ज्याला अनुदान, शिष्यवृत्ती, मजुरी घ्यायची आहे त्याची सुटका झाली नाही.

शासनाला धोका माहीत नव्हता असे नाही. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने पत्रक काढून लोकांना सांगितले की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, क्रमांक झाकलेली प्रत वापरा. दोनच दिवसांत, २९ मे रोजी, शासनाने ते पत्रक मागे घेतले. कारण काय, तर लोकांचा गैरसमज होईल! खरी सूचना अठ्ठेचाळीस तासही टिकली नाही. याउलट २०२४-२५ मध्ये कित्येक महिने फोन लावला की समोरच्याचा आवाज येण्याआधी अमिताभ बच्चन सावध राहायला सांगत होते. अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका, 'डिजिटल अटक' असे काही कायद्यात नसते. सगळे बरोबर. पण त्या संदेशांत मावशींसाठी काय होते? त्यांनी लिंक उघडली नव्हती, ओटीपी दिला नव्हता, कोणाचा फोनही घेतला नव्हता. त्यांनी काहीच केले नव्हते.

काही सुधारणा झाल्या हे नोंदवले पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्राधिकरणाने ठसा जिवंत बोटाचा आहे की नकलेचा हे तपासणारी नवी पद्धत आणली. जुन्या यंत्रांच्या जागी अधिक सुरक्षित यंत्रे आणण्याचे काम सुरू झाले. २७ जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने ही केंद्रे चालवणाऱ्यांची कसून तपासणी करण्याचे निर्देश बँकांना दिले, ते १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. तीन महिने बंद पडलेले केंद्र पुन्हा सुरू करण्याआधी चालकाची नव्याने ओळख तपासावी, असे त्यात आहे. चांगले आहे. पण मुकाट सोसलेल्या नुकसानाची इतकी वर्षे गेल्यावर हे शहाणपण आले.

आणि नकली अंगठा हा तरी परक्याचा गुन्हा. आपल्या डोळ्यांसमोर घडणारा प्रकार याहून साधा आहे. ऊसतोडणी कामगार, बांधकामावरचा बिगारी, सफाई कामगार यांची बोटे कामाने घासलेली असतात. यंत्र ठसा घेत नाही. केंद्रवाला म्हणतो, "पुन्हा लाव. पुन्हा लाव." तीनदा लावल्यावर सांगतो, "आज सर्व्हर डाऊन आहे, उद्या ये." त्यातल्या एका वेळी व्यवहार झालेला असतो. पावती मागायची असते हे कोणी सांगितलेले नसते. २०२० मध्ये झारखंडात अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे पैसे दलाल, शाळेतले लोक आणि बँकेचे प्रतिनिधी यांनी मिळून असेच खाल्ल्याचे वृत्तपत्रीय तपासात उघड झाले. पालकांचे अंगठे भलतेच काही सांगून घेतले गेले होते. तिथे कोणताही संगणक फोडावा लागला नाही. सावकाराचा माणूस जे करायचा तेच झाले, फक्त यंत्र नवे होते.

आता दुसरी बाजू पाहू. पैसे बँकेचेच गेले तर काय होते? ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक, १९०६ साली स्थापन झालेली, जुनी आणि मोठी. तिच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली. एटीएम विचारायचे, पैसे देऊ का? खरी बँक उत्तर देण्याऐवजी खोटी यंत्रणाच हो म्हणायची. बँकेच्या मूळ खात्यांपर्यंत विचारणा पोचतच नव्हती. नकली कार्डे घेऊन माणसे २८ देशांत एटीएमसमोर उभी होती. काही तासांत सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी परदेशांत आणि सुमारे २,८०० व्यवहारांतून अडीच कोटी देशात काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. पुढे २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या अहवालात या लुटीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला गेला.

या प्रकरणात कोणी म्हणाले का, की मशीन खोटे बोलत नाही, बँकेनेच पैसे दिले असतील? त्याला 'सायबर हल्ला' म्हटले गेले, बँक ही बळी ठरली, विशेष तपास पथक नेमले गेले, ठेवीदारांना पैसे सुरक्षित असल्याची ग्वाही दिली गेली. ते योग्यच झाले. मग मावशींच्या सत्तावीस हजार पाचशे रुपयांना 'ग्राहकाचा निष्काळजीपणा' हे नाव का? दोन्हीकडे यंत्रणेला खोटे उत्तर देऊन फसवले गेले. तिथे खोटे उत्तर संगणकाने दिले, इथे रबराच्या तुकड्याने.

कॉसमॉस प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. हे कोण होते? नकली कार्डे घेऊन एटीएममधून पैसे काढणाऱ्या टोळीतली माणसे. सूत्रधार साता समुद्रापलीकडे राहिले. आपल्या तरुणांनी हे नीट ध्यानात घ्यावे. आज वस्त्या-वस्त्यांतून, कॉलेजांच्या कट्ट्यांवर एक माणूस फिरतो आणि म्हणतो, तुझे खाते आणि एटीएम कार्ड काही दिवस दे, चार-पाच हजार देतो. बेरोजगार पोराला हे फुकटचे पैसे वाटतात. त्या खात्यात कोणा निवृत्त शिक्षकाचे लुटलेले पैसे येऊन दुसरीकडे जातात. पोलीस माग काढत पहिले पोचतात ते खातेदाराच्या घरी. जात पडताळणीसाठी चपला झिजवून मिळवलेली नोकरीची संधी चारित्र्य पडताळणीत अडकते. खाते भाड्याने देणे हा गुन्ह्यातला सहभाग आहे, हे विहारातल्या रविवारच्या बैठकीत स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

यातून छोटा व्यावसायिकही सुटलेला नाही. आपल्यातले कितीतरी जण आता वडापावची गाडी, मोबाईल दुरुस्ती, सलून, झेरॉक्सचे दुकान चालवतात. क्यूआर कोडवर पैसे घेतात. एखाद्या गिऱ्हाईकाने दिलेले दोनशे रुपये फसवणुकीच्या पैशांतले निघाले की दूरच्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून दुकानदाराचे अख्खे खाते गोठवले जाते. दोनशे रुपयांसाठी चाळीस हजार अडकतात आणि माल भरायला हातात काही उरत नाही. बँक म्हणते पोलिसांना भेटा, पोलीस ठाणे दीड हजार किलोमीटरवर. आणि छोट्या सहकारी बँकांचा कारभार किती परावलंबी आहे हे ३१ जुलै २०२४ ला दिसलेच. त्यांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज या एका कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून सुमारे तीनशे छोट्या बँकांचा पेमेंट यंत्रणेशी संबंध तोडावा लागला. ज्या गावात तीच एक बँक, तिथे त्या दिवशी अंगठाही चालला नाही आणि क्यूआरही.

मावशींचे पुढे काय झाले, ते सांगतो. आम्ही दुसऱ्या दिवशी रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक घेऊन पुन्हा गेलो. ६ जुलै २०१७ चे. सहकारी बँकांसाठी तसेच १४ डिसेंबर २०१७ चे होते. त्यात स्पष्ट म्हटले होते की, दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, यंत्रणेत इतरत्र आहे, अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर एक रुपयाचीही जबाबदारी नाही. चार ते सात दिवसांत दिली तर जबाबदारी मर्यादित, मूलभूत बचत खात्याला कमाल पाच हजार. दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात दाखवायची. आणि सर्वात महत्त्वाचे, ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. मावशींनी आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायचे नव्हते, बँकेने त्यांना दोषी सिद्ध करायचे होते. अधिकाऱ्याने परिपत्रक दोनदा वाचले. त्याचा सूर बदलला. "अर्ज द्या," म्हणाला. पोच द्यायला मात्र अर्धा तास घासाघीस करावी लागली. दहा दिवसांचे काम पाच महिन्यांनी झाले. पैसे आले, व्याज नाही, दिलगिरीचा शब्द नाही. मावशींनी ते पैसे धाकट्या मुलीच्या खात्यात टाकले. आपल्या खात्यावर त्यांचा आता विश्वास राहिलेला नाही.

तीन दिवसांची ती मुदत पाहा. बँकेचा संदेश येतो मोबाईलवर, इंग्रजीत, जावयाच्या बंद सिमवर. पासबुक छापायचे यंत्र महिन्यातून पंधरा दिवस बिघडलेले. मावशींना चोरी कळली ती पासबुक छापल्यावर, आणि सुदैवाने त्यांनी ते वेळेत छापले. संदेश मिळालाच नाही तर मुदत सुरू कशी होईल, हा मुद्दा आम्ही अर्जात लिहिला होता. तो प्रत्येकाने लिहावा.

कार्यकर्त्यांना करता येण्यासारखे बरेच आहे आणि त्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही. प्रत्येक विहारात, समाजमंदिरात एका भिंतीवर १९३० हा हेल्पलाइन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. पैसे गेल्याचे कळताच आधी तिथे फोन, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती अडवता येते. लगेच बँकेत लेखी अर्ज. आधार कोणत्या तारखेला कुठे वापरले गेले याची मागच्या सहा महिन्यांची यादी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते, शिकलेल्या पोरांनी ती आपल्या आजी-आजोबांना काढून द्यावी. आधारला चालू मोबाईल क्रमांक जोडला आहे का, हे घरोघर विचारावे. केंद्रावर अंगठा लावला की पावती घेतल्याशिवाय हलू नये, 'व्यवहार झाला नाही' याचीही पावती मागावी. बँकांचे नियम वेळोवेळी सुधारले जातात, तेव्हा जाण्याआधी चालू नियम रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरून छापून घ्यावा.

आणि शासनाकडे मागणी करायची ती सावधगिरीच्या जाहिरातींची नको. आधारवरून पैसे काढण्याची सोय खातेदाराने लेखी मागितल्याशिवाय सुरू होऊ नये. रेशनचा अंगठा आणि बँकेचा अंगठा यांची कुलपे वेगळी करावीत, म्हणजे एक बंद ठेवून दुसरे उघडता येईल. दस्तांवरचे ठसे आणि आधार क्रमांक प्रत्येक राज्याने झाकावेत आणि झाकल्याचे जाहीर करावे. अंगठ्याच्या व्यवहारात तक्रार आली की रक्कम आधी परत, चौकशी नंतर.

मावशींसारखे पासबुक घेऊन कोणी तुमच्या दारी आले, तर त्यांना ऑनलाइन तक्रारीचा पत्ता सांगून परत पाठवू नका. अर्जाच्या दोन प्रती करा, पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स जोडा, आधारची प्रत जोडायची झाल्यास क्रमांकाचे पहिले आठ आकडे झाकून जोडा, आणि सोबत जा. काउंटरवरचा माणूस पोच देणार नाही म्हणाला तर शाखाधिकाऱ्याच्या टेबलासमोर बसा. दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि सही मिळेपर्यंत उठू नका.